इंजिनातला कार्बन आणि अधूनमधून गाडी ताणणे : नेमका कुठला कार्बन जळतो?

वंगणवेडा

मायलेजच्या धाग्यावर ही चर्चा फारच लांबली, म्हणून वेगळा धागा काढतोय. एक बाजू म्हणते, गाडी अधूनमधून सणसणीत पळवली की इंजिनातला कार्बन जळून जातो. दुसरी म्हणते, ही कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत आहे. दोघेही अर्धे बरोबर आहेत. इंजिनात कार्बन एका जागी नसतो; तो पाच-सहा ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी साचतो आणि प्रत्येक ठिकाणचं तापमान वेगळं असतं.

कोरडी काजळी नुसत्या हवेत जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. हा आकडा डोक्यात ठेवून एकेक जागा बघू.

स्पार्क प्लगचं टोक: ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की प्लग स्वतःच स्वतःला साफ करतो (८५०च्या आसपास गेला तर उलट प्री-इग्निशनचा, म्हणजे ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा, धोका). खोळंबलेल्या वाहतुकीत टोक या मर्यादेच्या खाली राहतं आणि काळं पडतं. चांगला लोड (इंजिनावर पडणारं ओझं) मिळाला की काही मिनिटांत साफ होतं. इथे 'ताणणे' शंभर टक्के उपयोगी.

ज्वलनकक्ष आणि पिस्टनचा माथा: इथला थर इंधनातल्या जड घटकांचा आणि तेलाचा. थर स्वतःच उष्णता अडवतो, त्यामुळे तो वाढत गेला की त्याचा पृष्ठभाग तापत जातो, आणि साधारण ३०० अंशांच्या पुढे नवीन थर बसणं जवळपास थांबतं. म्हणजे तुमच्या चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे थराची एक जाडी ठरते. नेहमी हळू आणि थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीत तो जाड असतो, लोडवर चालणाऱ्या गाडीत पातळ. ताणल्याने तो पातळ होतो, पण धातू चकाकत नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा डबा): पेट्रोल इंजिनात लोडवर इथला वायू ७०० अंशांच्या वर सहज जातो. सुकी काजळी इथे जळते.

इनटेक व्हॉल्व्हची (हवा आत घेणाऱ्या झडपेची) पाठ, इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांकडे नेणारी नळकांडी), ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा): इथे ज्योत पोचत नाही, वरून थंड हवा वाहते, आणि साचतं ते तेलाच्या वाफेत कालवलेलं चिकट डांबर. कितीही रेस द्या, हे जळत नाही.

डिझेलच्या डीपीएफवर (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरवर) वेगळं लिहावं लागेल. डिझेलभाऊ, तुमची वाट बघतोय.

शंकासुर

मग उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये पाच मिनिटं फुल रेस दिली तर? रस्त्यावर जायची कटकट नको.

प्लगपाना

अजिबात नको. न्यूट्रलमध्ये इंजिनावर लोडच नसतो. चार हजार आरपीएमला फिरवण्यापुरतं थोडंसं इंधन आणि थोडीशी हवा आत जाते, थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो. आवाज मोठा येतो, ज्वलनकक्षातली उष्णता मात्र लोडवरच्या मानाने फार कमी. शिवाय गाडी उभी असल्याने रेडिएटरला वारा नाही. इंजिन थंड असताना असं केलं तर तेल नीट पोचण्याआधीच बेअरिंगची झीज. कार्बन जाळायला उष्णता हवी, उष्णतेला लोड हवा, आणि लोड रस्त्यावर गिअरमध्येच मिळतो.

घाटचढ

पेट्रोल गाडीसाठी पद्धत लिहितो. टर्बो असो वा नसो, थोड्या फरकाने हीच.

आधी बॉनेट उघडून तेलाची आणि कूलंटची पातळी बघा. टायरची हवा बघा. टायमिंग बेल्ट बदलायची मुदत उलटून गेली असेल, गाडी गरम होत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर हा प्रयोग करू नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते.

मग १५ ते २० मिनिटं साधी चालवा. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नाही. तेल मागून तापतं, आणि ते ९०च्या आसपास आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मोकळा, सरळ रस्ता. थोडा चढ असेल तर सोन्याहून पिवळं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून सुरू करा, पेडल साधारण तीन चतुर्थांश दाबा, आणि रेडलाइनच्या (आरपीएमच्या कमाल मर्यादेच्या) ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत न्या. रेडलाइन ६५०० असेल तर ५२०० ते ५५०० झालं. दुसऱ्या गिअरमध्ये बहुतेक गाड्यांचा वेग तेव्हाही आवाक्यात असतो, म्हणून वेगमर्यादा मोडायची गरज पडत नाही.

तिथे पाय पूर्ण काढा, पण गिअर काढू नका, क्लच दाबू नका. २००० पर्यंत गाडीला इंजिनाच्या ब्रेकवर उतरू द्या. असं चार ते सहा वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं सामान्य चाल.

त्यानंतर १५-२० मिनिटं ३००० च्या आसपास एकसारखी चालवा. खरं काम या भागात होतं, पण लोकांना पहिलाच भाग आवडतो.

शेवटची पाच मिनिटं अगदी हळू. टर्बो तापलेला असताना इंजिन बंद केलं तर त्याच्या बेअरिंगमधलं तेल जागीच जळून कोक होतं. कार्बन काढायला निघालो आणि नवीन बनवून आलो.

ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल/२ वर ठेवा, नाहीतर ती लगेच वरच्या गिअरमध्ये जाईल. सीव्हीटीत (गिअरच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) स्पोर्ट मोड.

शंकासुर

पेडल तीन चतुर्थांशच का? पूर्ण का नाही? आणि पाय काढून उतरण्यावर एवढा जोर का?

वंगणवेडा

दोन्हीचं उत्तर ऑक्सिजन. पेडल पूर्ण दाबलं की बरेच ईसीयू (इंजिनाचे संगणक) मिश्रण मुद्दाम घट्ट करतात, कारण जास्तीचं पेट्रोल कक्ष आणि कन्व्हर्टर थंड ठेवतं. घट्ट मिश्रणात ऑक्सिजन उरत नाही, उलट काजळी तयार होते. तीन चतुर्थांशाला बहुतेक इंजिनांत उष्णता पुरेशी मिळते आणि मिश्रणही फार घट्ट होत नाही.

गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ईसीयू इंधन पूर्ण बंद करतो. इंजिन तेव्हा नुसता हवेचा पंप असतो. तापलेल्या एक्झॉस्टमध्ये शुद्ध हवा जाते आणि तिथली काजळी पेटते. ज्या पेट्रोल गाड्यांत जीपीएफ (पेट्रोलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, तो फिल्टर मुख्यतः अशाच वेळी साफ होतो. क्लच दाबलात तर इंजिन आयडलिंगवर येतं, इंधन पुन्हा सुरू होतं, आणि ही हवा मिळतच नाही.

काजळी_शोधक

पद्धत ठीक आहे, पण एक गोष्ट ठळक लिहायला हवी. छोटं टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिन असेल तर वरच्या गिअरमध्ये, १५००-२००० आरपीएमला पेडल तळाला नेऊ नका. लोक 'ताणणे' म्हणजे पाचव्या गिअरमध्ये पेडल दाबून बसणे असं समजतात. कमी आरपीएम आणि जबर लोड या जोडीत एलएसपीआय होतं, म्हणजे ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेला तेलाचा थेंब किंवा सुटा झालेला कार्बनचा कण त्याला निमित्त होतो. रिंगची लँड (पिस्टनवरची दोन रिंगांमधली कड) तुटणे, पिस्टनला तडा जाणे, इथपर्यंत मजल जाते. अशा इंजिनात एपीआय (तेलाचे अमेरिकी दर्जे) एसपी किंवा त्यापुढच्या दर्जाचं तेलच घाला. २०२० सालच्या एसपी दर्जात एलएसपीआयची चाचणी आहे. आणि गिअर खालचा ठेवा.

दुसरं, डायरेक्ट इंजेक्शनच्या इनटेक व्हॉल्व्हबद्दल. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि त्यातलं डिटर्जंट तिथे धुणं करतं. डायरेक्टमध्ये पेट्रोल थेट कक्षात जातं, पाठीवर थेंबही पडत नाही. वर पीसीव्हीतून (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेतून) तेलाची वाफ येतच राहते. ही गाडी रोज ताणली तरी पाठ काळीच राहणार. टाकीत घालायचं औषधही तिथे पोचत नाही, कारण ते पेट्रोलबरोबर थेट कक्षात जातं. टोयोटाच्या डी-४एससारख्या रचनेत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, तिथे ही तक्रार कमी.

दुचाकीस्वार

मग त्या पाठीवर उपाय काय?

काजळी_शोधक

अक्रोडाच्या कवचाचा भुगा. इनटेक मॅनिफोल्ड काढतात, ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत त्याच्या पोर्टमध्ये दाबाच्या हवेने भुगा मारतात आणि त्याच तोंडातून व्हॅक्यूमने ओढून घेतात. मग इंजिन हाताने फिरवून पुढचा सिलिंडर. कवच कार्बनपेक्षा कडक, पण व्हॉल्व्हच्या पोलादापेक्षा मऊ, म्हणून धातूला ओरखडा जात नाही. एकच जागा चुकते: व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे की नाही हे न बघता सुरुवात केली तर भुगा सिलिंडरमध्ये जातो. प्रत्येक पोर्टला बोरोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत बघूनच मारावं. खोलल्यावर मॅनिफोल्डची गॅस्केट नवीन घ्या, जुनी परत बसवली की हवा गळते आणि आयडलिंग पुन्हा बिघडतं. मग लोक म्हणतात, साफ करून काही फरक पडला नाही.

लक्षणं ओळखायची तर: सकाळी थंड इंजिन मिनिटभर थडथडतं, मग गरम झाल्यावर ठीक, स्कॅनरवर पी०३०० (अनेक सिलिंडरांत मिसफायर) किंवा एखाद्या सिलिंडरचा मिसफायर कोड थंड असतानाच येतो, जास्त आरपीएमला दम कमी वाटतो. पण प्लग, कॉइल आणि व्हॅक्यूम गळती आधी तपासा. थेट व्हॉल्व्हवर संशय घेऊन मॅनिफोल्ड खोलू नका.

डिझेलभाऊ

आलो. डिझेलवाल्यांनी वरची पेट्रोलची पद्धत जशीच्या तशी उचलू नये.

डीपीएफमध्ये काजळी दोन प्रकारे जळते. एक, सावकाश: एक्झॉस्ट २५० ते ४०० अंशांवर असताना नायट्रोजन डायऑक्साइड काजळीला हळूहळू खातो. यासाठी ताणायचं नसतं, एकसारखं चालवायचं असतं. दुसरी, ईसीयूने घडवलेली: जास्तीचं डिझेल उशिरा फवारून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास नेला जातो. हीसुद्धा चालू गाडीत, १० ते २५ मिनिटं, न तोडता पूर्ण व्हायला हवी.

म्हणून डीपीएफ गाडीसाठी: इंजिन पूर्ण गरम, टाकीत पुरेसं डिझेल (रिझर्व्हला असेल तर बरेच ईसीयू सफाई सुरूच करत नाहीत), आणि २००० ते २५०० आरपीएमला २५-३० मिनिटं एकसारखी चाल. एखादा गिअर खाली ठेवा. सफाई चालू असताना आयडलिंग किंचित वाढतं, पंखा सुरू राहतो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, तात्कालिक मायलेज पडतं, गरम वास येतो. अशा वेळी घरापाशी पोचलात तर दहा मिनिटं आणखी फिरवून या. वाळलेल्या गवतावर उभी करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीपीएफचा दिवा लागून बराच काळ गेला आहे आणि फिल्टर काजळीने ठासून भरला आहे, अशा गाडीला जोरात ताणून एकदम सिग्नलला आयडलिंगवर आणणं हे सर्वांत वाईट. आत काजळी पेटलेली, वायूचा प्रवाह एकदम कमी, ऑक्सिजन मात्र भरपूर. उष्णता वाहून न्यायला कोणी नाही. फिल्टरचं सिरॅमिक तडकतं, कधी वितळतं. पी२४६३ (फिल्टरमध्ये काजळी फार झाल्याचा कोड) आला आणि गाडी लिंप मोडला (ईसीयूने ताकद मुद्दाम कमी केलेल्या स्थितीत) गेली की रस्ता विसरा, स्कॅनरने नियंत्रित सफाई करून घ्या.

आणि राख जळत नाही. ती तेलातल्या धातूंच्या क्षारांची असते. फिल्टर काढून धुणे किंवा बदलणे, तिसरा मार्ग नाही. ती हळू साचावी म्हणून कमी राखेचं, निर्मात्याने सांगितलेल्या एसीईए (तेलाचे युरोपीय दर्जे) सी वर्गातलंच तेल.

घाटचढ

आणि डीपीएफ नसलेलं जुनं डिझेल?

डिझेलभाऊ

तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ३५००पर्यंत चार-पाच वेळा न्यायला हरकत नाही. सुरुवातीला मागून काळा ढग येतो तो मुख्यतः सायलेन्सरमध्ये बसलेल्या काजळीचा. मागे कोणी नाही ना बघा. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही धूर तितकाच काळा असेल तर प्रश्न साचलेल्या कार्बनचा नाही. एअर फिल्टर, इंटरकूलरचे पाइप, इंजेक्टर, या क्रमाने बघा.

व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) टर्बोला मात्र याचा खरा फायदा आहे. हळू चालीत त्याच्या पात्या जवळपास बंद स्थितीतच राहतात आणि काजळीने तिथेच धरतात. जोरात चालवल्यावर त्या पूर्ण उघडतात, सगळ्या टप्प्यात फिरतात. अडकण्याआधी हा व्यायाम उपयोगी, अडकल्यावर नाही. पात्या अडकल्या असताना ताणलं तर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मर्यादेबाहेर जातो आणि गाडी लिंप मोडला जाते.

ईजीआरचं वंगणवेडांनी लिहिलंच आहे. पूर्ण लोडला ईजीआर बंद असतो, त्यामुळे तेवढा वेळ नवीन काजळी जात नाही, इतकाच लाभ. पी०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी झाल्याचा कोड) आला असेल तर व्हॉल्व्ह आणि कूलर काढून साफ करा.

शंकासुर

झडलेला कार्बनचा तुकडा एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली अडकून व्हॉल्व्ह जळतो असं ऐकलं आहे. मग हा सगळा उद्योग करावाच का?

प्लगपाना

शक्य आहे, पण क्वचित. थर पापुद्र्यांनी सुटतो आणि बहुतेक वेळा चुरा होऊन बाहेर जातो. धोका असतो तो वर्षानुवर्षं फक्त किराणा आणायला चाललेल्या गाडीला एकाच दिवशी दामटल्यावर. तिथे पायरीपायरीने जा: पहिल्या वेळी ३५००पर्यंतच आणि एकसारखी अर्धा तास चाल, पुढच्या आठवड्यात ४५००, मग पुढे. त्यानंतर एखादा सिलिंडर अडखळू लागला तर कॉम्प्रेशन चाचणी करा. एका सिलिंडरचं इतरांपेक्षा खूप कमी आलं तर व्हॉल्व्ह बसत नाहीये.

किती वेळा करावं, तर रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला दोन-तीन आठवड्यांतून एकदा. जी गाडी आठवड्यातून एकदा तासभर महामार्गावर जाते तिला काहीच करायची गरज नाही, मालकाला हौस असेल तर गोष्ट वेगळी. नवीन इंजिनाला पहिले १००० किलोमीटर नको.

दुचाकीस्वार

दुचाकीबद्दल थोडं. प्लग काढून बघितल्याशिवाय गाडी ताणू नका, कारण प्लगच सांगतो. फिकट तपकिरी: सगळं ठीक. कोरडा, मखमली काळा: मिश्रण घट्ट, चोक अडकला आहे, एअर फिल्टर चोंदला आहे किंवा जेट चुकीचा आहे. ताणून प्लग साफ होईल, पण मूळ कारण तसंच असेल तर आठवड्यात पुन्हा काळा. ओला आणि तेलकट काळा: रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील. इथे ताणून काहीही होत नाही, उलट तेल जास्त जळतं.

एअरकूल्ड इंजिनाला उन्हात सलग पंधरा मिनिटं ताणू नका, पाच-सात मिनिटांचे टप्पे करा. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये खरी अडचण एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरच्या जाळीत असते. तिथे हेड आणि सायलेन्सर उतरवून लाकडी पट्टीने खरवडणे हाच उपाय. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलात तर अॅल्युमिनियमवर चरे पडतात आणि पुढचा कार्बन त्या चऱ्यांत आणखी घट्ट धरतो.

शंकासुर

टाकीत घालायची औषधं, हायड्रोजनचं यंत्र, पाण्याचा फवारा, यांचं काय?

काजळी_शोधक

औषध घ्यायचं तर पॉलिइथरअमाईन, म्हणजे पीईए असलेलं. इंजेक्टरची टोकं आणि ज्वलनकक्ष यांवर ते काम करतं. बाटलीवर जितक्या लिटरसाठी लिहिलं आहे तितक्याच पेट्रोलमध्ये, आणि तेल बदलण्याच्या आधीच्या टाकीत घाला. सुटलेला मळ आणि थोडं औषध तेलात उतरतं, ते लगेच बाहेर जातं. ताणण्याबरोबर हे जोडलं तर दोन्हीचा उपयोग वाढतो.

हायड्रोजनचं यंत्र गाडी उभी ठेवून आयडलिंगवर चालवतात. तापमान नाही, लोड नाही, आणि इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ज्वलन तर होतच नाही. माझ्या मते पैसे वाया.

पाणी कार्बन काढतं हे खरं आहे. हेड गॅस्केट फुटून ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातं त्याचा पिस्टन धुतल्यासारखा निघतो, हे हेड खोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण व्हॅक्यूमच्या नळीतून पाणी ओढवताना हात जरा सुटला की सिलिंडर पाण्याने भरतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही. घरी करू नका.

प्लगपाना

तेल खाणाऱ्या गाड्यांबद्दल एक भर. ऑइल कंट्रोल रिंगची भोकं कार्बनने बुजली असतील तर ती ताणून मोकळी होत नाहीत. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रिंगसाठीचं सॉल्व्हंट ओतून काही तास भिजवतात. मग प्लग न लावता, इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून, भोकांवर फडकं टाकून इंजिन स्टार्टरने फिरवतात म्हणजे उरलेलं बाहेर उडतं. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदलूनच इंजिन सुरू करायचं.

घाटचढ

डिझेलभाऊ, डीपीएफ गाडीत डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या पुढे दिसलं तर तेल शिल्लक आहे म्हणून आनंद मानायचा का?

डिझेलभाऊ

नाही. अर्धवट तुटलेल्या सफाईतलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरलं आहे. तेल पातळ होतं, बेअरिंगला धरत नाही. पातळी फारच वर गेली तर तेल ब्रीदरमधून इनटेकमध्ये ओढलं जातं आणि डिझेल इंजिन त्याच तेलावर, चावी बंद केली तरी, पळत सुटू शकतं. अशी गाडी ताणायला बाहेर काढू नका. आधी तेल आणि फिल्टर बदला, सफाई का तुटते आहे ते स्कॅनरवर बघा (थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन पुरेसं तापत नसेल, किंवा डीपीएफचा दाब मोजणारी नळी फुटली असेल), आणि मग तो अर्ध्या तासाचा फेरफटका मारा.